आंधळा, लंगडा आणि तुमचा वीकेण्ड

मॅडोनाच्या मनगटावरचा लाल दोरा आठवतोय? २००४ मध्ये तिनं 'एस्थर' हे हिब्रू नाव घेतलं आणि 'कबाला' हा शब्द थेट पेज थ्रीवर येऊन बसला. आता गंडेदोरे आपल्याकडे काय कमी आहेत? त्यामुळे दोऱ्याचं कौतुक सोडा. कबाला हा ज्यूंचा शेकडो वर्षं जुना गूढविचार आहे आणि त्यातला एक प्रश्न तुमच्या-माझ्या रोजच्या कटकटीचा आहे. शरीर आणि आत्मा यांचं नातं नेमकं कसलं? तुरुंग आणि कैद्याचं, की दोन पार्टनर्सचं?

आणि हो, या विचाराचं एक टोक चक्क पुण्यात सापडतं! कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे डेव्हिड ससूननं उभारलेलं सिनेगॉग, सगळ्यांना ठाऊक असतं. पण १८८७ मध्ये याच शहरात अब्राहम डेव्हिड एझिकेल या बगदादी ज्यू गृहस्थानं 'झोहर' या कबालाच्या मुख्य ग्रंथातला एक भाग छापला, तोही हिब्रू लिपीतल्या अरबीत, म्हणजे त्याच्या समाजाच्या बोलीत. गडी थिऑसॉफिस्टही होता. गूढ ज्ञान असं बोलीभाषेत आणलेलं धर्मगुरूंना रुचलं नाही. (आपल्याला ही स्टोरी नवी नाही, नाही का?)

त्या भागाचं नाव 'इद्रा झुटा'. रब्बी शिमोन यांचा शेवटचा दिवस. ते शिष्यांना रहस्यं सांगताहेत, शिष्य लिहून घेतोय आणि 'जीवन' या शब्दापाशी आवाज थांबतो. बस्स. त्यांच्या पुण्यतिथीला इस्रायलमध्ये मेरोनला जत्रा भरते. रडारड नाही, गाणी!

कबाला म्हणतो, आत्म्याचे थर असतात. 'नेफेश' म्हणजे देहाला चिकटलेला जीव. त्यावर 'रुआख', म्हणजे वारा. त्याहून वर 'नशामा', ज्याचं नातं श्वासाशी. आपला 'प्राण' आठवला ना? गंमत पुढे आहे. नेफेश जन्मासोबत मिळतो, वरचे थर मात्र कमवावे लागतात आणि ते हातापायांनी केलेल्या चांगल्या कामातून. म्हणजे प्रमोशन आत्म्याचं, पण ओव्हरटाइम शरीराचा!

याच्याही आधीची, तालमूदमधली एक गोष्ट आहे. राजानं अंजिराच्या बागेवर दोन राखणदार ठेवले, एक आंधळा, एक लंगडा. लंगडा आंधळ्याच्या खांद्यावर बसला आणि दोघांनी अंजिरं फस्त केली. पकडल्यावर एक म्हणतो, मला दिसत नाही. दुसरा म्हणतो, मला चालता येत नाही. राजानं काय केलं? लंगड्याला पुन्हा आंधळ्याच्या खांद्यावर बसवलं आणि दोघांचा एकत्र निवाडा केला. शरीर आणि आत्म्याचंही तसंच होणार, म्हणे.

आंधळ्या-लंगड्याची हीच जोडी आपल्या सांख्य दर्शनातही आहे, पुरुष आणि प्रकृतीसाठी. फरक एवढाच की तिथे काम झालं की दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. ज्यूंच्या गोष्टीत सुटका नाही. 'मी नाही, त्यानं केलं' ही पळवाटच बंद!

आमच्या मुरुमकडे, उमरगा तालुक्यात, लिंगायत घरांमध्ये माणूस गेला की 'लिंगैक्य' झाला म्हणतात आणि इष्टलिंगासह बसवून मातीत ठेवतात. ज्यू लोकही मृतदेहाला अंघोळ घालून साध्या पांढऱ्या कपड्यात पुरतात, श्रीमंत असो की गरीब. दोन्हीकडे शरीर ही फेकून द्यायची वस्तू नाही. आयुष्यभर सोबत राहिलेल्याला निरोप द्यावा तसा निरोप.

आता आपल्याकडे बघा. बारा-बारा तास खुर्चीत, मध्येच वडापाव, रात्री दोनला मेल आणि पाठ दुखली की पेनकिलर. वर 'मन:शांती'साठी दोन दिवसांचं शिबिर! आंधळ्याच्या खांद्यावर बसून त्यालाच उपाशी ठेवायचं, असा हा प्रकार.

कोकणातले बेने इस्रायल ज्यू तेलाचे घाणे चालवत, पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गावानं त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली'. धंद्यापेक्षा सुटी मोठी! कारण सब्बाथला माणसाला एक जादा आत्मा पाहुणा म्हणून मिळतो, अशी ज्यूंची समजूत. शनिवारी चांदण्या दिसल्या की पाहुणा निघतो. मग लवंग-दालचिनीसारख्या मसाल्याचा वास घेऊन हुरहुरत्या जिवाला समजावायचं. सुगंध हे आत्म्याचं सुख, असं ते मानतात.

पण वास घ्यायला नाक लागतं, राव!

तेव्हा या शनिवारी लॅपटॉप बंद ठेवा, नीट जेवा, मस्त झोपा. आत्म्याचं काय ते तो बघेल. त्याच्या बसायच्या खांद्याची काळजी मात्र तुम्हालाच घ्यायची आहे.