तिचेही मृत्युपत्र

ऐन दिवाळीच्या अंकात मृत्युपत्राचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. आमच्या घरी तो निघाला तोच मुळी गेल्या वर्षी वसुबारसेला, कपाट आवरताना.

माझे मृत्युपत्र मी केव्हाच करून ठेवले होते. माझ्या मागे सारे पत्नीला. मोठ्या कर्तव्यदक्ष नवऱ्याच्या थाटात मी तो कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला आणि विचारले, "अहो, आणि माझं?"

"तुझं आणखी कशाला?" मी म्हणालो.

तिने तीस वर्षे शाळेत शिकवले. स्वतःच्या कमाईतून एक खोली घेतली. तिथे तिची चौऱ्याऐंशी वर्षांची आई राहते. आम्हांला मूलबाळ नाही.

"माझ्यामागे ती खोली आईचीच ना?"

"अर्थात!" मी म्हणालो. तरी मनात शंका राहिली, म्हणून धनत्रयोदशीला आम्ही वकील मित्राकडे गेलो. त्याने चहा सांगितला आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा उघडला.

"वहिनी, कलम पंधरा. मृत्युपत्र न करता बाई गेली, तर तिची मिळकत आधी मुलांना आणि नवऱ्याला. ते नसतील तर नवऱ्याच्या वारसांना. आईवडील त्यानंतर."

म्हणजे मी असेन तर खोली माझी. मी नसेन तर माझ्या भावाची! भाऊ सज्जन आहे, पण म्हातारीने त्याच्या सज्जनपणावर का जगावे?

"पासबुकावर आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे," ही म्हणाली.

"बँक पैसे त्यांच्या हाती देईल. पण मालकी वारसांची."

मग त्याने २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेला एक खटला सांगितला. लग्नानंतर तीन महिन्यांच्या आत एका बाईचा नवरा सर्पदंशाने गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले. ती माहेरी राहून शिकली, नोकरीला लागली, आणि १९९६ साली मृत्युपत्र न करता वारली. तिच्या आईने मिळकतीवर हक्क सांगितला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही सांगितला. निकाल भाच्यांच्या बाजूने लागला. सहानुभूती एकीकडे आणि कायदा एकीकडे.

ही बराच वेळ काही बोलली नाही. चहा तसाच निवला.

"यावर उपाय?" मी विचारले.

"साधा कागद. त्याला मुद्रांक लागत नाही. वहिनींनी दोन साक्षीदारांदेखत सही करायची आणि साक्षीदारांनी वहिनींदेखत. ज्यांना काही मिळायचं आहे त्यांना साक्षीला घेऊ नये, म्हणजे पुढे कुणी बोट दाखवणार नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. मन बदललं तर नवं करावं. शेवटचं ते खरं."

पाडव्याला हिने स्वतःच्या अक्षरात एका पानाचे मृत्युपत्र लिहिले. खोली आईला, आई आधी गेली तर धाकट्या बहिणीला. फराळाला आलेल्या शेजाऱ्यांपैकी दोघांनी साक्षी केल्या.

संध्याकाळी तिने मला ओवाळले. मी तबकात ओवाळणी घालू लागलो, तेव्हा ती हसून म्हणाली, "यंदा एवढंच करा. कपाटात तुमच्या कागदाशेजारी माझाही ठेवा, आणि तो कुठे आहे ते आजच आईला फोन करून सांगा."

फोन मी लावला. म्हातारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आधी माझा नंबर आहे हो. पण बरं केलंत."