४१ दिसला म्हणून एसएमपीएस बदलू नका

एका पतसंस्थेचा पीसी माझ्या टेबलावर आला तेव्हा तीन महिन्यांत त्यावर तीनदा विंडोज टाकून झालं होतं. एसएमपीएसही नवाकोरा होता. तक्रार मात्र पहिल्या दिवशीचीच: मध्येच आपोआप रिस्टार्ट होतो. मी तो दोन दिवस दुकानात चालू ठेवला. एकदाही झाला नाही. इव्हेंट व्ह्यूअर उघडून वेळा पाहिल्या, तर जवळजवळ सगळ्या नोंदी सकाळी कामकाज सुरू झाल्यानंतरच्या तासाभरातल्या. मग पीसी जागेवर नेऊन लावला आणि तिथेच खुर्ची टाकून बसलो. क्लार्कताईंनी दिवसाची पहिली पावती छापायला लेझर प्रिंटरला कमांड दिली आणि स्क्रीन काळी झाली.

प्रिंटरची वायर यूपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये होती. लेझर प्रिंटरचा फ्यूजर तापताना काही क्षण शेकडो वॉट ओढतो. तो यूपीएस ६०० व्हीएचा, म्हणजे जेमतेम ३६० वॉटचा, आणि बॅटरी थकलेली. प्रिंटर भिंतीतल्या सॉकेटला लावला, यूपीएसची बॅटरी बदलली, तक्रार संपली.

हे सांगण्याचं कारण त्या तीन फॉरमॅटमध्ये आहे. तिन्ही वेळी लॉग पुसला गेला. कोणत्या वेळी, कशानंतर, किती वेळा, हे सांगणारा एकमेव साक्षीदार आपणच आपल्या हाताने नाहीसा केला. ग्राहकाची हिशेबाची फाइल आपण जपून कॉपी करतो, पण दोष शोधायला लागणारी फाइल कॉपी करत नाही. फॉरमॅट हा उपाय असू शकतो; तो निदान नव्हे.

आता लॉग वाचण्याबद्दल, कारण इथे जाणकारही चुकतात. कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दिसली की 'पॉवरचा प्रॉब्लेम' म्हणून एसएमपीएस बदलला जातो. नावात पॉवर आहे एवढंच. ही नोंद पुढच्या वेळी सुरू होताना पडते आणि इतकंच सांगते की मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं. खरी माहिती तिच्या डिटेल्स टॅबमध्ये असते. तिथे बगचेक कोड शून्य नसेल, तर निळी स्क्रीन आली होती. तो आकडा दशमान असतो, हेक्समध्ये बदलून पाहायचा: २९२ म्हणजे हेक्समध्ये १२४, हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक, १५९ म्हणजे ९एफ, बहुतेकदा स्लीपमधून उठताना अडकलेला ड्रायव्हर. ग्राहक म्हणतो निळं काही दिसलंच नाही, ते खोटं नसतं. स्टार्टअप अँड रिकव्हरीमधली 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची टिक मुळातच चालू येते. ती आधी काढा, मिनीडंप फोल्डर पाहा.

कोड शून्य असेल, तर विंडोजला लिहायलाही सवड मिळाली नाही. मग वीज, एसएमपीएस, बोर्ड. पॉवर बटनाचा टाइमस्टँप शून्य नसेल, तर कुणीतरी बटन दाबून धरलं होतं किंवा बटनच अडकतंय. समोरच्या रिसेट स्विचची वायर बोर्डावरून काढून पाहायला एक मिनिट लागतं, आणि किती जण ते करतात? मीटरवर १२ व्होल्टची रेल ११.४ ते १२.६ मध्ये हवी, पण लोडवर मोजा. रिकाम्या एसएमपीएसचं रीडिंग काही सिद्ध करत नाही. चांगला एसएमपीएसही पूर्ण लोडवर वीज गेल्यानंतर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइनची एक सायकल २० मिलिसेकंदांची असते. म्हणून बल्ब नुसता मिचकला आणि पीसी रिस्टार्ट झाला, तर आधी यूपीएस आणि अर्थिंग पाहा, कॅबिनेट नंतर.

रॅम एकेक काठी लावून, रात्रभर टेस्ट चालवून तपासा. हीटसिंकमधली धूळ काढायचीच, पण तापलेला पीसी सहसा बंद होऊन तसाच राहतो. लगेच पुन्हा सुरू होणारा वेगळा.

जुन्या मंडळींना ऑगस्ट २००३ आठवेल. ब्लास्टर वर्म आला, एक्सपीवर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची आणि पीसी रिस्टार्ट. फॉरमॅट मारून पॅच न टाकता इंटरनेटला जोडला की मोजणी पुन्हा सुरू. दोष नेटवर्कवरून येत होता आणि त्याचा पॅच जुलैमध्येच निघालेला होता.

पुढच्या अंकापासून एक पान वाचकांच्या जॉबकार्डांसाठी राखून ठेवत आहोत. ग्राहकाचं नाव नको. रिस्टार्टच्या वेळा, बगचेक कोड, लोडवरचं रीडिंग, त्या लाइनवर आणखी काय जोडलं होतं आणि शेवटी काय सापडलं, एवढं लिहा. आधी चुकीचा पार्ट बदलला असेल तर तोही लिहा. आणि फॉरमॅट मारण्यापूर्वी सिस्टिम लॉग पेनड्राइव्हवर सेव्ह करून घ्या; कार्डासोबत ती फाइलही पाठवा.