झगमगाट एकाला, अंधारी दुसऱ्याला

उसाचा हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्री मागे साधा रिफ्लेक्टरही नसलेल्या ट्रॉल्या दिसू लागतात. अशा रस्त्यावर ३५ वॅटच्या हेडलाइटने मोटारसायकल हाकणाऱ्याला जास्त उजेड हवासा वाटला, तर त्याचे काही चुकत नाही. चुकते ते पुढे. तो गॅरेज गाठतो आणि बल्ब बदलून येतो.

बऱ्याच जुन्या गाड्यांत दोष बल्बचा नसतोच. बॅटरीतून निघालेला करंट बारीक वायर, किल्लीचा स्विच, हँडलवरचे अप्पर-डिपर आणि काळवंडलेला कपलर अशा वाटेने बल्बपर्यंत पोचतो, तोवर व्होल्ट-दीड व्होल्ट वाटेतच खर्ची पडलेला असतो. आणि हॅलोजनचा हिशेब कडक आहे : व्होल्टेज १० टक्के घटले की उजेड सुमारे ३० टक्के घटतो. उपाय जुना, स्वस्त. बॅटरीजवळ फ्यूज घालून जाड वायर थेट हेडलाइटपर्यंत आणायची, मध्ये रिले बसवायचा. मूळ स्विचने फक्त रिले चालवायचा. अर्थिंगही गंजक्या सांगाड्याच्या भरवशावर न सोडता वेगळे न्यायचे. तोच बल्ब मग वेगळाच वाटतो. (रेस सोडली की ज्यांचा दिवा मिणमिणतो, त्या थेट मॅग्नेटोवर चालणाऱ्या गाड्यांना नुसता रिले पुरत नाही; त्यांचा दिवा आधी बॅटरीवर घ्यावा लागतो.)

पण या कामाला चांगला वायरमन आणि निम्मा दिवस लागतो. बल्ब दोन मिनिटांत बदलतो. म्हणून ३५ च्या जागी १०० वॅटचा बल्ब येतो. करंट जवळजवळ तिप्पट होतो आणि त्याच वायरीत, त्याच स्विचमध्ये उष्णता आठपट. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरचा मुलामा काळा पडतो आणि छोट्या गाडीची बॅटरी चार्ज व्हायची राहते.

त्याहून वाईट म्हणजे हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये खुपसलेला पांढराफेक एलईडी. मूळ बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली एक इवलीशी वाटी असते. समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड ती अडवते. रिफ्लेक्टरची वक्रताही त्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेली. स्वस्त एलईडीत ही जागा साधत नाही. उजेड झाडांवर, आभाळात आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत सांडतो. चालवणाऱ्याला चाकापुढचा रस्ता लख्ख दिसतो म्हणून तो खूष. लांबचा खड्डा त्यालाही दिसत नाही, हे त्याच्या गावी नसते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबरच लागतो, तो बंद करण्याचा स्विचच नाही. म्हणजे हा त्रास चोवीस तासांचा.

कायदा याबाबत मुका नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ अ नुसार परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफाराला मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. पण हे बल्ब बाजारात राजरोस टांगलेले असतात आणि वायर, अर्थिंग, फोकस नीट करून देणाऱ्या कामाची कोणी जाहिरात करीत नाही. परिवहन खात्याला खरेच डोळे वाचवायचे असतील, तर त्याने नाक्यावर दुचाकी अडवण्याआधी ही दुकाने तपासावीत, आणि विनादिव्याच्या ट्रॉल्या कारखान्याच्या फाटकावरच रोखाव्यात.