रांगेचा न्याय

जत्रेत किंवा भरल्या स्टेशनात रेंज फुल्ल दिसते, पण साधा फोटो जाता जात नाही. आपण वैतागतो, फोन बंद करून पुन्हा सुरू करतो. फोन बिचारा धडधाकट असतो. तो उभा असतो रांगेत, आणि ही रांग कोणाला दिसत नाही.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यामुळे मला ही गोष्ट लॉकर आणि काउंटरच्या भाषेत उमगते. जुन्या २जी पद्धतीत २०० किलोहर्ट्झच्या एका चॅनेलच्या वेळेचे ८ वाटे पडतात. कॉल चालू असेपर्यंत एक वाटा तुमचा. तुम्ही गप्प बसलात तरी तुमचाच. हा झाला लॉकर. इंटरनेटचे तसे नाही. पान उघडून आपण वाचत बसतो; तेवढा वेळ जागा अडवून काय उपयोग? म्हणून तिथे काउंटर असतो. ४जीच्या २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असे १०० तुकडे असतात. कोणता तुकडा कोणाला, याचा निवाडा टॉवरची यंत्रणा सेकंदाला हजार वेळा करते.

सिग्नल किती स्वच्छ मिळतो, हे प्रत्येक फोन टॉवरला कळवत असतो. टॉवरजवळच्या माणसाचे काम थोड्या तुकड्यांत भागते. डोंगराआडच्या वाडीतल्या विद्यार्थिनीला तेवढ्याच मजकुरासाठी कितीतरी जास्त तुकडे लागतात. निव्वळ धंदा पाहिला, तर तिची पाळी येणारच नाही. सर्वांना सारखाच वेग द्यायचा म्हटले, तर सगळा गाव खोळंबेल. इंजिनिअरांनी यावर मधली वाट काढली. आत्ता मिळू शकणाऱ्या वेगाला अलीकडे मिळालेल्या सरासरी वेगाने भागायचे; ज्याचा भागाकार मोठा, त्याची पाळी. जो ताटकळला, त्याचा छेद लहान होत जातो आणि क्रमांक वर सरकतो. व्याजाच्या हिशेबात आयुष्य गेले, पण भागाकारात एवढी माणुसकी मी क्वचितच पाहिली.

मात्र हा काही निसर्गनियम नव्हे. माणसांनी ठरवलेला नियम माणसे बदलूही शकतात. भारतात २०२२ साली आलेल्या ५जीच्या तंत्रात एकाच जाळ्याचे वेगवेगळ्या हमीचे भाग पाडता येतात. रुग्णवाहिकेसाठी राखीव भाग ठेवला, तर कोण नाही म्हणेल? पण जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी राखीव काउंटर वाढत गेले, तर उरलेल्यांना किती उरतील?

हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. लिलावात कंपन्यांना मिळतो तो ठरावीक मुदतीचा वापरहक्क, मालकी नव्हे. बँकेला आपले सेवाशुल्क ग्राहकांसाठी फलकावर लावावे लागते. मग गर्दीच्या वेळी पाळी कोणत्या नियमाने लागते, आणि टॉवरच्या पार कडेला असलेल्याला किमान किती वेग मिळेल, हे मोबाइल कंपन्यांनीही साध्या मराठीत लिहून लावावे. मालमत्ता आपली असताना एवढी मागणी अवाजवी नाही.