निवृत्तांचे घर आणि शाळेची घरपट्टी

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात घरमालकाला फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर या महिन्यांच्या पहिल्या तारखेला घरपट्टीचा हप्ता भरावा लागतो. बिलावर काउंटीचा, नगरपालिकेचा, कुठे ग्रंथालयाचा असे आकडे वेगवेगळ्या ओळींत छापलेले असतात आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा बहुधा ‘शाळा-जिल्ह्या’चा, म्हणजे स्थानिक मंडळामार्फत सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र करक्षेत्राचा, असतो. 2024 साली या राज्यातील सरासरी घरपट्टी 10,000 डॉलरांच्या पुढे गेली. तिच्यातील निम्म्याहून अधिक रक्कम शाळांकडे जाते. ज्या घरातील मुले शिकून कधीच बाहेर पडली, त्या घरातील सत्तरीच्या दांपत्याला ही ओळ खटकते, यात नवल नाही. 1965 च्या अमेरिकन स्थलांतर कायद्याने वाट मोकळी केल्यावर तिकडे गेलेल्या मराठी डॉक्टर-इंजिनिअरांची पिढीही आता निवृत्त झाली असल्याने हा वाद मराठी घरांपासून दूरचा राहिलेला नाही.

निवृत्तांना या करातून वगळावे, असे म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष मुख्यतः ‘लाभतत्त्वा’वर, म्हणजे ज्याला सेवा मिळते त्यानेच तिचे मोल द्यावे या तत्त्वावर, उभा आहे. आपली मुले शाळेत होती तोवर आपण कर भरला, आता हिशेब मिटला, असे ते म्हणतात. हा हिशेब मांडून पाहिला पाहिजे, कारण सगळा वाद त्याच्यावरच अडलेला आहे. न्यू जर्सीत एका विद्यार्थ्यामागे वर्षाला 20,000 डॉलरांहून अधिक खर्च होतो. किंडरगार्टन ते बारावी अशी 13 वर्षे दोन मुले शिकली, तर आजच्या दराने तो खर्च 5,20,000 डॉलरांच्या वर जातो. याउलट वर्षाला सुमारे 5,000 डॉलर शाळेचा कर भरणारे कुटुंब त्या 13 वर्षांत 65,000 डॉलर भरते आणि 50 वर्षे भरत राहिले तरी बेरीज 2,50,000 वरच थांबते. खर्चाचा काही वाटा राज्याच्या मदतीतून भागतो हे खरे. पण ती मदतही करदात्यांचीच असते आणि ती वजा केली तरी उरलेली तफावत शेजारच्या निपुत्रिकांनी, दुकानदारांनी आणि त्या काळच्या म्हाताऱ्यांनीच भरून काढलेली असते. म्हणून निवृत्तीनंतर येणारी शाळेची ओळ ही परक्याच्या मुलांसाठी मागितलेली वर्गणी नसून, स्वतःच्या मुलांसाठी आधीच उचललेल्या रकमेचा राहिलेला हप्ता आहे. मराठी स्थलांतरितांच्या बाबतीत तर हे ऋण दुहेरी आहे, कारण त्यांच्यापैकी अनेक जण सरकारी वैद्यकीय किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयांत ज्यांच्या कराच्या पैशावर शिकले, त्यांतल्या बहुतेकांनी त्या महाविद्यालयांचा उंबरठाही ओलांडलेला नव्हता.

लाभतत्त्व जसेच्या तसे मान्य केले, तरीही निवृत्तांची बाजू टिकत नाही. अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी 1969 साली ईशान्य न्यू जर्सीतील 53 नगरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कराचा बोजा सारखा असता ज्या नगरात शाळांवर अधिक खर्च होतो तेथे घरांच्या किमतीही अधिक असतात, असे त्यात आढळले. शाळेचा दर्जा घराच्या किमतीत मुरतो, असा याचा अर्थ. सत्तरीतील मालक ज्या घराला आपली आयुष्याची पुंजी मानतो, ते घर पुढे विकत घेणारे बहुधा लहान मुलांचे आईबाप असतात आणि ते आधी शाळा पाहतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे व त्याला उडवून लावणे अन्यायाचे ठरेल. घराची किंमत वाढली म्हणून निवृत्ताच्या हाती रोकड येत नाही. निवृत्तिवेतन जेमतेम वाढते आणि घरपट्टी मात्र चढत जाते, तेव्हा ज्या विधवेने 40 वर्षे जपलेले घर केवळ करापायी विकायला काढले, तिला ओट्स यांचा अभ्यास वाचून दाखवण्यात अर्थ नाही. परंतु हे दुखणे वयाचे नसून उत्पन्नाचे आहे आणि औषधही त्याच दुखण्यावर हवे. जॉर्जिया राज्यातील कॉब काउंटीत 62 वर्षांच्या घरमालकाला शाळा-करातून पूर्ण सूट मिळते, मग त्याचे उत्पन्न कितीही असो. न्यू जर्सीने 2023 साली केलेल्या ‘स्टे एनजे’ कायद्यानेही 65 वर्षांवरील मालकांची निम्मी घरपट्टी 6,500 डॉलरांच्या मर्यादेत परत देण्याचे ठरवताना उत्पन्नाची मर्यादा 5,00,000 डॉलर ठेवली. ज्याचे वार्षिक उत्पन्न चार लाख डॉलर आहे त्याला राज्याच्या तिजोरीतून परतावा मिळावा आणि तीस वर्षांच्या शिक्षिकेला, केवळ ती तरुण आहे म्हणून, पूर्ण बिल यावे, याला न्याय म्हणता येत नाही. तिजोरीत खड्डा पडला की तो तरुण कुटुंबांनाच भरावा लागतो आणि त्यांत भाडेकरूही येतात, कारण मालक घरपट्टी भाड्यातून वसूल करतो.

शाळांचा भार घरपट्टीवर इतका असावाच कशाला, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी परिपूर्ण व कार्यक्षम विनामूल्य शाळांची व्यवस्था ठेवण्याचे बंधन न्यू जर्सीच्या संविधानात 1875 पासून आहे. गरीब नगरांच्या शाळा स्थानिक घरपट्टीवर सोडल्याने त्याचा भंग होतो, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1973 साली रॉबिन्सन विरुद्ध केहिल या खटल्यात दिला. विधिमंडळ चालढकल करीत राहिले, तेव्हा 1976 च्या जुलैत न्यायालयाने शाळांवरील खर्चच रोखला आणि मगच राज्यात आयकर आला. या मार्गाने पुढे जाऊन घरपट्टीचा वाटा सर्वांसाठी घटवावा. परंतु ती सुधारणा वृद्ध आणि तरुण दोघांची आहे, तिच्या नावाखाली एकट्या वृद्धांना वगळता येणार नाही.

खऱ्या गरजू वृद्धांसाठी उपाय उपलब्ध आहे. ऑरेगॉन राज्यात 1963 पासून ‘करस्थगिती’ची योजना आहे: पात्र वृद्धाची घरपट्टी राज्य काउंटीला भरते, तेवढ्या रकमेचा बोजा व्याजासह घरावर नोंदवते आणि घर विकल्यावर किंवा मालकाच्या मृत्यूनंतर ती वसूल करते. म्हातारपणी कोणाला घर सोडावे लागत नाही आणि शाळेचा पैसा वेळेवर पोचतो. न्यू जर्सीच्या विधिमंडळाने वयाच्या दाखल्यावर परतावे वाटण्याऐवजी हा मार्ग धरावा आणि तेथील मराठी ज्येष्ठांनी आपल्या प्रतिनिधींकडे हीच मागणी करावी.