पाटीवर जाड पायाची अक्षरं हवीत

राज्यात २०२२ साली कायदा बदलला आणि दुकानाच्या पाटीवरचं मराठी नाव इतर लिपीतल्या नावापेक्षा लहान असू नये, असं ठरलं. आकाराचं झालं, पण अक्षरांच्या वजनाचं काय? वर ठळक देवनागरी आणि खाली काडीसारखं बारीक इंग्रजी, नाहीतर नेमकं उलट, अशा पाट्या आमच्या बाजारपेठेत ओळीने लागल्या आहेत.

छपाईच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाचं मत विचाराल, तर देवनागरीशेजारी रोमन लिपी लिहायचीच असेल तर ठळक स्लॅब सेरिफमध्ये लिहा. या टाईपात अक्षराच्या टोकांना चौकोनी, जाड पट्ट्या असतात. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५च्या सुमारास आपल्या नमुन्यांत असा टाईप दाखवला. तो काळ भिंतीवरच्या जाहिरातींचा. पुढे १८२७मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने यंत्रावर लाकडी टाईप काढायला सुरुवात केली आणि हातभर उंचीची अक्षरं छापखान्यांना परवडू लागली.

माझा जीव मात्र १८४५च्या क्लॅरेंडन या स्लॅब टाईपावर. त्यातला मोठा आर बघा. उजवा पाय खाली उतरून पुन्हा वर वळतो. लहान एच्या वरच्या टोकाला गोल थेंब. पट्टी जिथे दांड्याला मिळते तिथे किंचित गोलाई ठेवलेली, म्हणून एवढं जाड अक्षरसुद्धा बोजड वाटत नाही. १९३४च्या रॉकवेलमध्ये ही गोलाई नाही. ते पट्टी-कंपासने आखल्यासारखं आहे. मोठ्या पाटीवर तेही शोभतं.

क्लॅरेंडन मुळात साध्या मजकुरात एखादा शब्द उठून दिसावा म्हणून घडवला गेला. शब्दकोशातले मूळ शब्द हे त्याचं हक्काचं काम. अख्खा परिच्छेद त्यात लावला की पान काळं पडतं आणि डोळे थकतात. मथळा, पाटी, पुस्तकाचं मुखपृष्ठ, एवढ्यावर थांबावं.

देवनागरीशी त्याचं जमतं ते शिरोरेघेमुळे. आपल्या ओळीला माथ्यावर आडवा भक्कम पट्टा असतो. स्लॅबच्या पट्ट्या रोमन ओळीलाही तसाच आडवा जोर देतात आणि दोन्ही ओळी एका हाताने लिहिल्यासारख्या दिसतात. ‘कडवा’ हा मोफत मिळणारा फाँट पाहा. त्याच्या ठळक वळणात दोन्ही लिप्या आहेत.

एक विनंती फ्लेक्स करणाऱ्यांना. रुंदी भरावी म्हणून संगणकावर अक्षर आडवं ताणू नका. उभे दांडे फुगतात, आडव्या पट्ट्या होत्या तेवढ्याच राहतात आणि स्लॅबचा सगळा तोल जातो. शिरोरेघेचंही तेच होतं. दोन्ही बाजूंना जागा उरली तर उरू द्या. आणि दुकानदारांनो, पाटी छापायला देण्याआधी तिचा नमुना रस्त्याच्या पलीकडून एकदा वाचून बघा.