‘झाले’ म्हणजे दरवेळी ‘बिकेम’ नव्हे

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आपल्या मच्छेत आहे. तरी आसपासच्या घरांतून एक काळजी ऐकू येतेच : ‘घरात मराठी, गल्लीत कन्नड, मग पोरांचे इंग्रजी सुधारणार कसे?’ वाचकहो, ही काळजी एका छोट्या मुद्द्यावर तपासून पाहू.

मराठीत ‘झाले’ आणि कन्नडमध्ये ‘आयितु’ म्हटले की बहुतेक बदल सांगून होतात. म्हणून आपली मुले इंग्रजीत सगळीकडे ‘बिकेम’ लावतात. व्याकरण बिघडत नाही, पण वाक्य कानाला खटकते आणि मुलाखतीत मुलगा उगीच मागे पडतो. इंग्रजीत दूध ‘वेंट बॅड’, विहीर ‘रॅन ड्राय’, केस ‘टर्न्ड ग्रे’ आणि स्वप्न ‘केम ट्रू’. मुलगी अठरा वर्षांची झाली की ‘टर्न्ड एटीन’.

यात थोडी संगती आहे. बिघाडाकडे नेणारा बदल बहुधा ‘गो’ घेतो : गो मॅड, गो ब्लाइंड, गो बँकरप्ट. नीट मार्गी लागणारा ‘कम’ : कम ट्रू, कम राइट. नकळत ओढवणारा ‘फॉल’ : फॉल इल, फॉल अस्लीप. हळूहळू होणारा ‘ग्रो’ : ग्रो ओल्ड.

आता आपल्याच घरात कान द्या. माणसाची शुद्ध ‘जाते’, मग तो शुद्धीवर ‘येतो’. मेहनत वाया ‘जाते’, नाहीतर फळाला ‘येते’. आजारी तर आपणही ‘पडतो’. शेजारच्या अक्का ‘हालु केट्टु होयितु’ म्हणतात, तेव्हा त्या शब्दशः ‘वेंट बॅड’च म्हणत असतात!

अर्थात प्रत्येक जोडी जुळत नाही. झोप आपल्याला ‘लागते’, इंग्रजीत माणूस झोपेत ‘पडतो’. आणि ‘बिकेम’ काही टाकाऊ नाही. डॉक्टर होण्याची इच्छा ‘गेट अ डॉक्टर’ अशी सांगितली, तर समोरचा डॉक्टरला बोलवायला धावेल. तिथे ‘बिकम’च हवे. १ नोव्हेंबर २०१४ रोजी सरकारी कागदोपत्री ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले, तेही ‘बिकेम’च.

तेव्हा पालकांनो, घरातल्या दोन भाषा ही अडचण समजू नका. आमटी आंबली, नळ आटला, आजोबा थकले, की मुलांना विचारा : हे मराठीत कसे म्हणतो, कन्नडमध्ये कसे आणि इंग्रजीत कसे? पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा हे जास्त दिवस लक्षात राहील.